मिहोचं स्पिटफायर

लढाऊ विमानांची मॉडेलं करणाऱ्यांना काळ्या रंगाचा फार सोस असतो. तोफांच्या तोंडाशी काजळी, धुराड्यांमागे शेपटीपर्यंत गेलेला काळा फराटा, पंखावर चंदेरी ओरखडे. विमान जणू आत्ताच दहा शत्रूंना पाडून परत आलंय. प्रदर्शनात अशा मॉडेलपुढे गर्दी होते, बक्षीसही त्यालाच मिळतं. माझा त्यावर राग नाही, मीही तसली बरीच केलीत. पण यंदा जे विमान करायला घेतलं त्याला हे काहीच चालणार नव्हतं. ते ज्या देशात उभं होतं तिथलं युद्ध संपून आठ महिने झाले होते.

विमान आहे स्पिटफायर एफआर मार्क 14ई, म्हणजे स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाची 14 नंबरची आवृत्ती. रॉयल इंडियन एअर फोर्सची 4 नंबरची स्क्वाड्रन. मुक्काम मिहो, जपान. साल 1946.

‘भारतीय हवाई दलाची स्पिटफायर जपानमध्ये?’ असं विचारणारे मला इतके भेटलेत की उत्तर आता पाठ झालंय. ऑगस्ट 1945 मध्ये जपानने हत्यारं खाली ठेवली. देशाचा ताबा घ्यायला मुख्यतः अमेरिकन सैन्य गेलं, पण ब्रिटिश राष्ट्रकुलाचीही एक फौज गेली. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत मिळून ऐन भरात सुमारे 40 हजार माणसं. त्यांच्याकडे होन्शूचा पश्चिम भाग आणि शिकोकू बेट आलं, त्यात हिरोशिमाही. मुलकी कारभार अमेरिकनांनी स्वतःच्या हातात ठेवला. राष्ट्रकुलवाल्यांचं काम निःशस्त्रीकरणाचं: दारूगोळा शोधायचा, नष्ट करायचा, गस्त घालायची, किनाऱ्यावर नजर ठेवायची. या फौजेचं स्वतःचं हवाई दल होतं, त्याचे प्रमुख एअर व्हाइस मार्शल बूशिए. ऑस्ट्रेलियाच्या तीन स्क्वाड्रन मस्टँगवर, न्यूझीलंडची एक कॉर्सेअरवर, ब्रिटिशांच्या 11 आणि 17 नंबरच्या स्क्वाड्रन स्पिटफायरवर. आणि आपली 4 नंबर, तीही स्पिटफायरवर.

या स्क्वाड्रनची सुरुवात फेब्रुवारी 1942 मध्ये पेशावरला झाली, लायसँडर नावाच्या उंच पंखांच्या, बेढब पण कामसू विमानांवर. मग हरिकेन, मग ब्रह्मदेशात स्पिटफायर मार्क 8. जपानला जायचं ठरल्यावर मार्क 14 मिळालं. म्हणजे मी जे विमान करतोय ते या स्क्वाड्रनबरोबर लढाईवर कधी गेलंच नाही. त्याच्या तोफांभोवती काजळी फासणं म्हणजे शुद्ध थाप.

एप्रिल 1946 मध्ये ही विमानं एचएमएस व्हेंजन्स या विमानवाहू जहाजावरून इवाकुनीला पोचली. उडत नव्हे, डेकवर जखडून, मालासारखी. त्या जहाजाचीही एक गोष्ट आहे. पुढे ते काही वर्षं ऑस्ट्रेलियाकडे होतं, मग ब्राझीलने विकत घेतलं, ‘मिनास जेराइस’ नाव ठेवलं आणि विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत वापरलं. शेवटी 2004 मध्ये ते तोडायला आलं कुठे, तर गुजरातेत अलंगला. आपली स्पिटफायर पाठीवर घेऊन गेलेलं जहाज भंगार होऊन आपल्याच किनाऱ्याला लागलं. त्याच्या पत्र्याच्या सळ्या होऊन कुणाच्या स्लॅबमध्ये गेल्या असतील, देव जाणे.

आता तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत नौसैनिकांचा उठाव झाला. त्याच्या आगेमागे हवाई दलाच्या तळांवरही संप झाले. त्याआधीच्या हिवाळ्यात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेवर खटला चालला होता. आमच्या भागात, म्हणजे त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात, नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. इंग्रजांचं राज्य मानायचंच नाही म्हणून गावोगावी स्वतःची न्यायव्यवस्था उभी केलेली. आणि त्याच वसंतात, परक्याच्या ताब्यात असलेल्या देशाचे वैमानिक दुसऱ्या एका देशावर ताबा ठेवायला निघाले होते. मला हे विमान करावंसं वाटलं ते यासाठी. स्पिटफायर देखणं आहेच, पण देखणी विमानं पुष्कळ आहेत.

मी कराडला दंतवैद्य आहे. ही ओळख इथे अशासाठी की मॉडेल करण्याचं अर्धं सामान माझ्या दवाखान्यातूनच येतं. बायकोच्या मते दवाखान्याचं अर्धं सामान मॉडेलवरच खर्च होतं. दोन्ही हिशेब जुळतात.

किट घेतलं एअरफिक्सचं, 1:48 प्रमाणातलं एफआर मार्क 14. यात हवं ते सगळं आहे: मागची पाठ कापून बसवलेली बुडबुड्यासारखी काच, कॉकपिटमागच्या कॅमेऱ्याची खिडकी, टोकं छाटलेले पंख. ‘एफआर’ म्हणजे लढाऊ आणि टेहळणी, दोन्ही. कॉकपिटमागे तिरका बसवलेला एफ-24 कॅमेरा असायचा. गस्तीच्या कामाला तोफांपेक्षा हाच जास्त जवळचा. छाटलेल्या पंखांमुळे या विमानाची एक गंमत होते: लांबी आणि पंखांचा पसारा जवळपास सारखाच येतो. मॉडेलमध्ये दोन्हीकडून साधारण 20-21 सेंटीमीटर. समोर ठेवलं की चौकोनी, आखूड, जरा गुंड दिसतं. लंबवर्तुळाकार पंखांची ती नाजूक स्पिटफायर डोक्यात असलेल्यांना हे आवडत नाही. मला आवडतं. याच्या नाकात 27 लिटरच्या मर्लिनऐवजी 36.7 लिटरचं ग्रिफन इंजिन आहे, दोन हजारांहून जास्त अश्वशक्तीचं, आणि ते सगळं चेहऱ्यावर दिसतं. इंजिनाच्या झाकणावर दोन्ही बाजूंना लांबट उंचवटे, कारण सिलिंडर आत मावत नाहीत.

ग्रिफनची दुसरी खोड म्हणजे ते मर्लिनच्या उलट फिरतं. मार्क 8 वर उडायला शिकलेल्या वैमानिकाचा पाय उड्डाणाच्या वेळी सवयीने रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या, एका पेडलवर दाबला जायचा आणि मार्क 14 नेमकं त्याच बाजूला ओढत न्यायचं. 4 नंबरच्या सगळ्यांना पायाची ही सवय मोडावी लागली असणार. मॉडेलवाल्याला यातून एवढंच की पंख्याची पाती मर्लिनच्या स्पिटफायरची उसनी घेऊन चालत नाही, त्यांचा पीळ उलटा असतो.

पंख धडाला जोडतात तिथे फट राहू नये हा प्रत्येक किटमधला जुना प्रश्न. बहुतेक लोक आधी चिकटवतात, मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, मग पॉलिश पेपरने घासत बसतात, आणि घासताना आजूबाजूच्या पत्र्याच्या बारीक रेषा पुसून जातात. दातावर कॅप बसवताना आम्ही असं करत नाही. वरचा-खालचा दात कुठे जास्त टेकतोय हे बघायला निळा आर्टिक्युलेटिंग पेपर चावायला देतो. जिथे उंचवटा तिथे निळा ठिपका. तोच कागद मी पंख आणि धड यांच्या मध्ये धरतो, दाबतो, काढतो. जिथे निळं उमटलं तेवढंच दात कोरायच्या बारीक बरने घासायचं, पुन्हा दाबायचं. कोरडं बसवूनच फट मिटली की पातळ सिमेंट केशिकेसारखं आत ओढलं जातं आणि लांबी लागतच नाही. हे मी आमच्या मॉडेलवाल्यांच्या गटात सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, कागद कुठे मिळेल? आपापल्या दाताच्या डॉक्टरला मागा. चार पट्ट्या कोणीही देईल, दात दाखवून घेतलेत तर.

बाकीचं थोडक्यात. पुसलेल्या रेषा पुन्हा ओढायला दात तपासायचा टोकदार प्रोब, त्याच्यासारखं टोक बाजारात कुठल्याही किमतीला मिळत नाही. काचेमागची बारीक एरियल आणि पंखाखालची वेग मोजायची पिटो नळी दात सरळ करायच्या तारेची. ती स्टीलची असल्याने पुसताना कापडात अडकली तरी वाकून परत सरळ होते, प्लॅस्टिकची तुटली असती. कॉकपिटच्या आत फार जीव पाखडला नाही. काच उघडी ठेवली तरी 1:48 मध्ये सीटचे पट्टे आणि डाव्या बाजूचं उघडणारं दार यापलीकडे डोळा जात नाही.

आता खुणा. इथे मी सगळ्यात जास्त रमलो.

ब्रिटिश विमानावरचं वर्तुळ म्हणजे निळं, पांढरं आणि मध्ये लाल. जपान्यांच्या विमानावर नुसता लाल सूर्य. लढाईत, उन्हाच्या तिरिपेत, सेकंदाच्या काही भागात बघणाऱ्या तोफवाल्याला मधला लाल ठिपका दिसला तर तो आपलंच विमान पाडेल. म्हणून पूर्वेकडच्या आघाडीवर विमानांवरचा लाल रंग काढूनच टाकला. ऑस्ट्रेलियाने तसंच केलं. अमेरिकेनेही आपल्या चांदणीच्या मधला लाल ठिपका पुसला. भारत-ब्रह्मदेश आघाडीवर वर्तुळ उरलं ते गडद निळं आणि त्याच्या पोटात फिकट निळं. आकारही लहान केला, 16 इंच व्यासाचा. 1:48 मध्ये हे साडेआठ मिलिमीटर भरतं. एवढ्याशा चकतीसाठी तयार डिकल, म्हणजे छापील चिकटवायची खूण, वापरायला हरकत नव्हती, पण डिकलमधली निळी छटा मला नेहमी पेनच्या शाईसारखी वाटते. शिवाय रंगवलेलं वर्तुळ पत्र्याच्या रेषांमध्ये आपोआप उतरतं. म्हणून कंपास-कटरने मास्किंग टेपच्या चकत्या कापल्या आणि रंगवली. आधी फिकट निळा, त्यावर लहान चकती, मग गडद. फिकट निळा वेगळा विकत घ्यायचा नाही. त्या काळी गडदमध्येच पांढरा मिसळून तो करत, मीही तसाच केला. दोन्ही निळे एकाच घरचे दिसतात.

हात हे काम करत असताना डोकं दुसरीकडेच होतं. मी जी अवस्था निवडली ती जहाजावरून उतरवलेल्या विमानाची, थेट आग्नेय आशियाच्या कमांडकडून आलेल्या खुणांसह. म्हणजे ज्या देशाच्या सूर्याशी गल्लत नको म्हणून लाल काढला, त्याच देशाच्या धावपट्टीवर हे बिनलाल विमान उभं, आणि त्या सूर्याची विमानं तोवर भंगारात गेलेली. गल्लत व्हायला समोर कुणी उरलंच नव्हतं. तरी खूण तशीच. सरकारी शिक्के असेच असतात, कारण संपलं तरी उठत राहतात.

शिवाय या खुणेत ‘भारत’ कुठेच नाही. हवाई दलाला ‘रॉयल’ ही पदवी मार्च 1945 मध्ये मिळाली होती, पण विमानावरचं वर्तुळ ब्रिटिशांचंच. शेजारच्या ब्रिटिश स्क्वाड्रनचं स्पिटफायर आणि आपलं स्पिटफायर दुरून सारखंच. मॉडेल बघायला येणारे पहिल्यांदा विचारतात, ‘यावर चक्र नाही का?’ अशोकचक्र स्वातंत्र्यानंतर आलं आणि आजचं तिरंगी वर्तुळ त्याच्याही नंतर. मिहोच्या धावपट्टीवर एखाद्या जपानी मजुराला हे विमान कुणाचं असं विचारलं असतं, तर विमानाकडे बघून त्याला सांगता आलं नसतं. वैमानिकाकडे बघूनच सांगावं लागलं असतं.

रंगाबद्दल भांडण आहे आणि ते मिटणारं नाही. वरच्या बाजूला गडद हिरवा हे सगळ्यांना मान्य. दुसरा पट्टा राखाडी की मातकट तपकिरी? कारखान्यातून मार्क 14 हिरव्या-राखाडीत बाहेर पडायचं, पोटाकडे फिकट राखाडी. पूर्वेकडे पुष्कळ विमानांवर राखाडीच्या जागी तपकिरी दिला, कारण खाली समुद्र नव्हता, जंगल होतं. फोटो कृष्णधवल, त्यात दोन्ही रंग जवळपास सारखेच येतात. त्यातही फिल्म कुठली यावर सगळं फिरतं. काही फिल्मवर लाल काळा पडतो आणि निळा पांढरट. त्यामुळे फोटोवर बोट ठेवून ‘हे बघा, तपकिरी’ म्हणणाऱ्याकडे मी दाताच्या एक्स-रेवर बोट ठेवून स्वतःचं निदान सांगणाऱ्या पेशंटकडे बघावं तसा बघतो. माझा तर्क साधा आहे. ही विमानं उशिरा आली, युद्ध संपल्यावर या स्क्वाड्रनला मिळाली. जंगलासाठी पुन्हा रंगवायची घाई कुणाला असणार? मी हिरवा-राखाडी दिला. तपकिरीवाल्यांनी आपलं करावं, मी बघायला येईन.

या सगळ्याचं माझ्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसांशी नातं आहे, ते मला फार उशिरा कळलं. कराड-सातारा पट्ट्यात फौजी घरं पुष्कळ. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. पेशंटमध्ये निवृत्त सुभेदार, हवालदार कायम असतात. अशाच एका घरातले आजोबा कवळी बसवायला आले होते. टेबलावर प्रायमर मारलेलं धड वाळत पडलेलं बघून म्हणाले, “डाक्टर, ह्ये कुठलं इमान?” मी सांगितलं, जपानमधलं. ते थांबले. म्हणाले, “आमचं आबा जपानला व्हतं की. लढाया न्हाई, लढाई झाल्यावर.”

मला वाटलं आजोबांची काहीतरी गफलत होतेय. नव्हती. राष्ट्रकुल फौजेतल्या भारतीय 268 ब्रिगेडमध्ये तीन पायदळ पलटणी होत्या: पंजाब रेजिमेंटची एक, गुरख्यांची एक आणि तिसरी 1/5 मराठा लाइट इन्फंट्री. ब्रिगेडियर होते के. एस. थिमय्या, पुढे लष्करप्रमुख झाले तेच. या 1/5 मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांना एप्रिल 1945 मध्ये इटलीत सेनिओ नदीकाठच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वर्षभरात तीच पलटण जपानला. सेनिओच्या चिखलातून निघून जपानच्या भातखाचरांत. घाटावरच्या माणसाला भातखाचर तसं नवं नव्हे, पाटण-जावळीकडचे असतील तर अजिबात नव्हे.

पुढच्या खेपेला आजोबा एक फोटो घेऊन आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रुमाल गुंडाळलेला. स्टुडिओत काढलेला. आबा खुर्चीवर, पाठीमागे रंगवलेला पडदा, त्यावर डोंगर आणि झाड. फोटोच्या पुठ्ठ्यावर कोपऱ्यात जपानी अक्षरं उठवलेली. आबांनी घरी काय सांगितलं होतं, असं विचारलं. फार नाही. थंडी लय. बर्फ. लोकांच्या पोटाला न्हाई, पोरं गाडीमागं पळायची. लोकांत मिसळायला बंदी. राजाच्या वाड्याला पहारा. टोकियोत सम्राटाच्या राजवाड्यापुढे राष्ट्रकुलातल्या तुकड्या पाळीपाळीने पहारा देत, त्यात भारतीयही होते. त्यामुळे शेवटची गोष्ट फुशारकीची असेल असं मला वाटत नाही. विमानांचं विचारलं तर आजोबा म्हणाले, “इमानाचं काय बोललं न्हाईत बगा. त्ये पायदळ.” हेही बरोबरच आहे. आबांनी हे विमान कदाचित डोक्यावरून जाताना ऐकलं असेल एवढंच. फोटो स्कॅन करून परत दिला. कवळी छान बसली.

मिहोबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझं सगळं वेदरिंग, म्हणजे मळ आणि झीज रंगवणं, त्यावर उभं आहे. होन्शूच्या उत्तर किनाऱ्यावर, तोत्तोरी प्रांतात, समुद्रात घुसलेली वाळूची एक लांब जीभ आहे, युमिगाहामा. तिच्यावर जपानी नौदलाने बांधलेला तळ म्हणजे मिहो. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि दूरवर दाइसेन हा 1,729 मीटरचा एकटा डोंगर. हिवाळ्यात सैबेरियाकडून वारा येतो, समुद्रावरून ओल उचलतो आणि इथे बर्फ टाकतो. आज तिथे जपानच्या हवाई दलाचा तळ आहे आणि त्याच धावपट्टीवर योनागोचा नागरी विमानतळही चालतो.

मग या विमानावर कसला मळ चढेल? वाळूचा आणि मिठाचा. वाळू खालून वर येते: चाकं, चाकांच्या खोबणी, पंखांच्या पोटाची पुढची कड, रेडिएटरची तोंडं. तिथे मी फिकट पिवळट राखाडी खडूची पूड कोरड्या ब्रशने चेपली. मीठ वरून बसतं आणि रंग उडवतं. त्यामुळे वरचा हिरवा सगळीकडे एकसारखा ठेवला नाही, पातळ करून फिकट हिरव्याचे ढग एअरब्रशने दिले, उन्हाकडच्या पृष्ठभागांवर जास्त. धुराड्यांमागे काळा जवळपास नाहीच. शांतपणे एका वेगाने गस्त घालणाऱ्या इंजिनाचा धूर पत्र्यावर करडा-तपकिरी डाग सोडतो, काळाकुट्ट नव्हे. तो डागही आखूड ठेवला. गस्तीवरून आल्यावर पुसायला माणसं होती, वेळ होता, आणि ताबा घेतलेल्या देशात विमान चकचकीत दिसणं हा कामाचाच भाग होता. अधूनमधून सगळी विमानं एकत्र उडवून संचलन करायचं, ते हरलेल्या देशाने बघावं म्हणूनच. मळकं विमान तिथे चाललं नसतं.

चंदेरी ओरखडे कुठे? कॉकपिटचं दार डावीकडे, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी, जिथे रोज बूट पडतात तिथेच. उजवीकडे जवळजवळ नाहीत. पंख्याच्या पात्यांवर तर चंदेरी अजिबात नाही. ही रोटोल कंपनीची पाती दाबलेल्या लाकडाची, रंग उडाला तरी खाली ॲल्युमिनियम निघत नाही. प्रदर्शनात मार्क 14 च्या पात्यांवर चांदी चमकताना दिसली की माझी दाढ ठणकते. रडरवरही ओरखडे नाहीत, ते कापडाचं. आणि तोफा: या ‘ई’ पंखात प्रत्येक बाजूला बाहेरच्या खणात 20 मिलिमीटरची हिस्पानो तोफ आणि आतल्या खणात अर्धा इंची ब्राउनिंग मशीनगन. चारही तोंडं स्वच्छ. हिस्पानोच्या नळ्यांवर कापडी टोप्या घातल्या, दाताच्या कापसाच्या रोलचा एक पदर सोलून, पातळ गोंदात बुडवून. वाळूच्या तळावर उभ्या विमानाची तोफ उघडी कोण ठेवेल?

गटात फोटो टाकल्यावर पहिला अभिप्राय आला, ‘सर, फिनिश मस्त, पण जरा जास्त क्लीन वाटतंय. गन स्टेन राहिलेत का?’ मी मिहोचा नकाशा पाठवला. त्याने अंगठा पाठवला. पटलं की नाही कळलं नाही.

दवाखान्यात येणाऱ्या पोरांचा प्रश्न वेगळा असतो. दात काढायच्या भीतीने रडवेला झालेला एक जण सुई टोचायच्या आधी विमानाकडे बघून म्हणाला, “याने किती पाडली?” मी म्हटलं, एकही नाही. त्याचा चेहरा असा पडला की इंजेक्शनपेक्षा तेच दुखलं त्याला. मग कॅमेऱ्याची खिडकी दाखवली, यातून फोटो काढायचे, म्हटलं. तेवढ्यात सुई देऊन झाली.

तळपाटी डेंटल स्टोनची. साध्या प्लॅस्टरपेक्षा हा दगड घट्ट, रवाळपणा कमी, आणि ओला असताना त्यात काँक्रीटच्या फरशांचे सांधे पट्टीने दाबता येतात. सांध्यांत गुहागरहून आणलेली वाळू चाळून भरली. जाणकार म्हणतील जपानची वाळू वेगळी. खुशाल म्हणावं. माणूस एकच ठेवला, पंखाजवळ उभा मेकॅनिक, जाड लोकरी कोटात, हात खिशात. शस्त्र नाही. जीप, बॉम्बची गाडी, पिंप असलं काही ठेवलं नाही. मागे दाइसेनचा रंगवलेला पडदा लावावा असं मुलीचं म्हणणं होतं, पण त्याने ते लग्नाच्या फोटोसारखं झालं असतं.

1947 मध्ये भारतीय फौज परत बोलावली. स्वातंत्र्य दाराशी आलं होतं, फाळणीही. घरी सैन्य हवं होतं, आणि सैन्याचीही वाटणी व्हायची होती. त्याच 268 ब्रिगेडमधली पंजाबची पलटण वाटणीत पाकिस्तानकडे गेली, मराठा भारतात राहिली. 4 नंबरची स्क्वाड्रनही परत आली आणि तिला टेम्पेस्ट ही लढाऊ विमानं मिळाली.

टेम्पेस्ट मार्क 2 चं किट आता टेबलावर आलंय. सेंटॉरस इंजिन, गोल थोबाड, चार पाती. निळा आर्टिक्युलेटिंग पेपर काढून ठेवलाय. पंखाचं मूळ बघता उजवीकडे बरंच घासावं लागेल असं दिसतंय, आणि त्या गोल काउलिंगच्या, म्हणजे इंजिनाच्या झाकणाच्या, कडेला पत्र्याची जाडी फारच ठोकळ आहे. ती आतून बरने कोरून पातळ करता येईल. पुढच्या रविवारी दवाखाना बंद असतो तेव्हा बसेन.